टॅब्लेट आताच घ्यावा की नव्या आवृत्तीसाठी थांबावे?

मुंब्रा-कौशाची बाजारपेठ, ठाण्याची राबोडी, कल्याणचा दूधनाका किंवा डोंबिवलीचा मानपाडा रस्ता, कोठेही दुकानदारांशी बोलणे निघाले की एक प्रश्न हमखास पुढे येतो. दुकानासाठी टॅब घ्यायचा आहे, पण नवी आवृत्ती येणार असे सगळे सांगतात. मग आज घ्यावा की थांबावे? हा प्रश्न विचारणाऱ्यांत तयार कपड्यांचे दुकानदार आहेत, शिंपी आहेत, बेकरीवाले आहेत, फर्निचरचे कारागीर आहेत आणि भिवंडीहून कापडाचे ताके उचलणारे छोटे व्यापारीही आहेत.

वरवर पाहता प्रश्न किरकोळ वाटतो. पण ज्याच्या दुकानाचे भांडवलच लाख-दीड लाखाचे आहे, त्याच्यासाठी १५-२० हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे. तेवढ्यात एका कारागिराची महिन्याची मजुरी निघते किंवा ईदच्या आधी थोडा जास्त माल भरता येतो. ही रक्कम चुकीच्या यंत्रात अडकली तर ती परत निघत नाही, कारण वापरलेल्या टॅबला बाजारात फारशी किंमत येत नाही. म्हणून हा निर्णय ऐकीव गोष्टींवर न सोपवता हिशेबाने घेतला पाहिजे. तो हिशेब कसा मांडावा, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हा प्रश्न आता का उभा राहिला?

२०२५ साली सप्टेंबर-ऑक्टोबर या दोन महिन्यांत छोट्या व्यापाऱ्यांवर दोन बदल एकापाठोपाठ येऊन आदळले. ३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेच्या ५६व्या बैठकीत करांचे दर बदलण्याचा निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून तो लागू झाला. तयार कपड्यांवर पूर्वी १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के झाला. पादत्राणांनाही २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के दर लागला. शिलाई मशीन १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. हे सगळे नवरात्राच्या पहिल्या दिवशी, ऐन हंगामात घडले. ज्यांचे बिल संगणकावर होते, त्यांना आदल्या रात्री बसून प्रत्येक मालाचा दर बदलून घ्यावा लागला.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. घरगुती ग्राहकांना सुरक्षेची दुरुस्ती आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, नाव नोंदवून घेण्याची सोय कंपनीने ठेवली. पण दुकानांतील अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे "जुना संगणक काढून टाकू आणि टॅबच घेऊ" असा विचार अनेकांच्या मनात आला. टॅबला बॅटरी असते, वीज गेली तरी बिल थांबत नाही, जागा कमी लागते, गिऱ्हाइकासमोर धरून नमुने दाखवता येतात. विचार योग्यच आहे. फक्त त्याच्या आधी एक गोष्ट तपासावी लागते.

ती अशी की संगणकावर चालणारा प्रत्येक कार्यक्रम टॅबवर चालत नाही. टॅलीसारखा हिशेबाचा कार्यक्रम विंडोजसाठी बनलेला आहे. तो अँड्रॉइड टॅबमध्ये किंवा आयपॅडमध्ये तसाच बसवता येत नाही. आपल्या मुनीमाचे किंवा कर सल्लागाराचे सगळे काम टॅलीवर असेल, तर टॅब हा संगणकाच्या जागी येणार नाही, त्याच्या जोडीला येईल. उलट ज्यांचे बिल, उधारी आणि मालाची नोंद मोबाईलवरील ॲपमध्येच आहे, त्यांचे काम टॅबवर सरळ चालते. तेव्हा नवी आवृत्ती कोणती, हे विचारण्याआधी आपले काम कोणते, हे ठरवावे.

'अपडेट' हा एक शब्द, पण गोष्टी तीन

बाजारात 'अपडेट' हा शब्द सरसकट वापरला जातो. त्यामुळे गोंधळ होतो. प्रत्यक्षात त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, मूळ प्रणालीची नवी आवृत्ती. ती वर्षातून एकदा येते. गुगलची अँड्रॉइड १६ ही आवृत्ती १० जून २०२५ रोजी आली. ॲपलची आयपॅडओएस २६ ही आवृत्ती ९ जून २०२५ रोजी जाहीर झाली आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी ग्राहकांना मिळाली. पडद्यावरची मांडणी, नव्या सोयी, एकाच वेळी अनेक खिडक्या उघडणे, असे बदल यात येतात.

दुसरी, सुरक्षेची दुरुस्ती. चोरांना शिरता येईल अशी भोके प्रणालीत सापडत राहतात आणि कंपनी ती बुजवत राहते. ही दुरुस्ती डोळ्यांना दिसत नाही. पण दुकानाचा पैसा ज्या यंत्रावरून फिरतो, त्या यंत्राला हीच सर्वात जास्त लागते.

तिसरी, ॲपची स्वतःची सुधारणा. २२ सप्टेंबर २०२५ चे करांचे दर बिलाच्या ॲपमध्ये आले, ते या तिसऱ्या प्रकारातून. त्यासाठी अँड्रॉइडची नवी आवृत्ती लागली नाही.

शिलाई मशीनचे उदाहरण घेतले तर गोष्ट चटकन समजेल. मशीनचे नवे मॉडेल येणे वेगळे, कुलूप-किल्ली दुरुस्त ठेवणे वेगळे आणि शिलाईचा नवा दर पाटीवर लिहिणे वेगळे. पाटीवर नवा दर लिहिण्यासाठी कोणी नवे मशीन घेत नाही. पण दुकानाला कुलूपच नसेल तर मशीन कितीही नवे असून उपयोग नाही.

आधी घेतला तर नुकसान होते का?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. आयपॅडओएस २६ चेच उदाहरण पाहा. या आवृत्तीत आयपॅडवर संगणकासारख्या खिडक्या लहान-मोठ्या करून हव्या तेथे ठेवण्याची सोय आली. एका बाजूला मालाचे नमुने आणि दुसऱ्या बाजूला ऑर्डरची नोंद, असे काम त्यात सोपे झाले. ही आवृत्ती २०२० साली आलेल्या आठव्या पिढीच्या आयपॅडपासून पुढच्या सर्व साध्या आयपॅडना विनामूल्य मिळाली. म्हणजे ज्याने मार्च २०२५ मध्ये निघालेला, ३४,९०० रुपयांपासून सुरू होणारा आयपॅड जून महिन्यात घेतला, त्यालाही सप्टेंबरमध्ये तेच मिळाले जे ऑक्टोबरमध्ये घेणाऱ्याला मिळाले. आधी घेणाऱ्याचा तोटा काही झाला नाही. उलट तीन महिने जास्त वापर झाला.

याच आवृत्तीने २०१९ च्या सातव्या पिढीच्या आयपॅडला मात्र बाहेर ठेवले. तो मागच्या, म्हणजे १८व्या आवृत्तीवरच थांबला. हे यंत्र जुन्या मालाच्या बाजारात स्वस्त म्हणून विकले जाते. सप्टेंबर २०२५ च्या आधी ते स्वस्तात घेणाऱ्याने नव्या आवृत्तीची वाट पाहिली असती, तरी ती त्याला कधीच मिळाली नसती.

या दोन उदाहरणांवरून जो नियम निघतो तो सरळ आहे. यंत्र नव्या आवृत्तीच्या यादीत बसणारे असेल, तर ते आवृत्तीच्या आधी घेतले काय आणि नंतर घेतले काय, नव्या सोयी सारख्याच मिळतात. यंत्र यादीत बसणारे नसेल, तर कितीही थांबून फायदा नाही. म्हणून तारखेपेक्षा यादीची चौकशी अधिक महत्त्वाची.

आश्वासन हा माल नव्हे

येथे कोणी म्हणेल की विक्रेता तर सांगतो, नवी आवृत्ती नक्की येणार. अशा आश्वासनांचा इतिहास आमच्या वाचकांनी जाणून घ्यावा.

ब्लॅकबेरी कंपनीचा प्लेबुक हा टॅब एप्रिल २०११ मध्ये निघाला आणि जून २०११ मध्ये भारतात आला. त्याची किंमत २७,९९० रुपयांपासून सुरू होत होती. गंमत अशी की ई-मेलसाठी प्रसिद्ध असलेल्या या कंपनीच्या टॅबमध्ये ई-मेलचाच स्वतंत्र कार्यक्रम नव्हता. तो पुढच्या आवृत्तीत येईल असे सांगितले गेले. २०११ च्या अखेरीस भारतात त्याच टॅबची किंमत १३,४९० रुपयांवर आली. ई-मेलची सोय असलेली दुसरी आवृत्ती फेब्रुवारी २०१२ मध्ये मिळाली. त्यानंतर ब्लॅकबेरी १० ही सर्वस्वी नवी प्रणाली प्लेबुकला मिळेल असे कंपनीने सांगितले होते. पण जून २०१३ मध्ये कंपनीने तो विचार सोडून दिला. पहिल्या दिवशी घेणाऱ्याने दुप्पट पैसे मोजले, थांबून घेणाऱ्याने अर्धे मोजले आणि शेवटी दोघांच्याही हाती जुनीच प्रणाली राहिली.

दुसरे उदाहरण आपल्याच देशाचे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' हा स्वस्त टॅब विद्यार्थ्यांसाठी सादर झाला. त्यात अँड्रॉइडची २.२ ही आवृत्ती आणि २५६ एमबी स्मृती होती. पडदा दाबून चालवावा लागे. पुढे या प्रकल्पाचे काम आपल्या शेजारच्या पवई येथील आयआयटी मुंबईकडे आले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी 'आकाश २' आला, त्यात अँड्रॉइड ४.०, दुप्पट स्मृती आणि हलक्या स्पर्शाने चालणारा पडदा होता. तेरा महिन्यांत पहिले यंत्र जुने झाले आणि त्याच्या आत नवी आवृत्ती ओतून ते नवे करणे शक्य नव्हते, कारण मूळ यंत्रातच तेवढा जोर नव्हता. अगदी स्वस्त टॅबच्या बाबतीत आजही हेच लागू आहे. नवी आवृत्ती आली तरी कमी स्मृतीचे यंत्र ती घेऊन दमते आणि गिऱ्हाईक समोर उभे असताना बिल निघायला वेळ लागतो.

तेव्हा व्यवहाराचा जुना नियम येथेही पाळावा. आज यंत्र जे काम करते, त्या कामासाठीच पैसे मोजावेत. उद्या जे मिळेल असे सांगितले जाते, ते मिळाले तर बरकत समजावी.

वाट पाहिली तर किती काळ?

थांबणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गुगलने आवृत्ती जाहीर केली म्हणजे ती त्याच दिवशी आपल्या टॅबवर येते असे नाही. गुगलने अँड्रॉइड १५ सप्टेंबर २०२४ मध्ये खुले केले. सॅमसंगने ते आपल्या जुन्या महागड्या फोनना द्यायला एप्रिल २०२५ मध्ये सुरुवात केली. मधे सात महिने गेले. अँड्रॉइड १६ च्या वेळी हा काळ कमी झाला, तरी जून ते सप्टेंबर असे तीन महिने लागलेच. कंपन्या आधी आपल्या महाग यंत्रांना आवृत्ती देतात, स्वस्त टॅबचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणून "पुढच्या महिन्यात नवे अँड्रॉइड येतेय, तेव्हा घेऊ" असे ठरवणाऱ्याचे अर्धे वर्ष सहज निघून जाते.

थांबल्याने भाव उतरतोच, हेही खरे नाही. नवे मॉडेल आले की जुन्याचा भाव पडतो, हा अनुभव खरा आहे. पण २०२५ च्या अखेरीस मोठमोठ्या संगणक केंद्रांची मागणी वाढल्याने स्मृतीच्या चिपचे भाव जगभर चढले. मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला स्मृतीचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. चिप महाग झाली की टॅबही महाग होतो. थांबणाऱ्याला दरवेळी फायदा होतो, असे मानून चालू नये.

महिन्याचा खर्च असा काढा

आता हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, आपल्या भागातील भाव त्यात घालून पाहावेत.

समजा, एक टॅब १८,००० रुपयांचा आहे आणि त्याला सुरक्षेची दुरुस्ती अजून ५ वर्षे, म्हणजे ६० महिने मिळणार आहे. १८,००० भागिले ६०, म्हणजे महिना ३०० रुपये. दुसरा टॅब १२,००० रुपयांना मिळतो, पण ते मॉडेल जुने असल्याने त्याची दुरुस्ती २ वर्षांतच संपणार आहे. १२,००० भागिले २४, म्हणजे महिना ५०० रुपये. दिसायला स्वस्त असलेला टॅब प्रत्यक्षात महाग पडला.

येथे एक बारकावा आहे आणि तोच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. कंपनी देखभालीची वर्षे सहसा ते मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजते, तुम्ही विकत घेतल्या दिवसापासून नाही. चार वर्षांची देखभाल असलेले मॉडेल बाजारात येऊन अडीच वर्षे झाली असतील, तर तुमच्या वाट्याला दीडच वर्ष उरते. मोठ्या सवलतीच्या विक्रीत जो माल स्वस्त मिळतो, तो पुष्कळदा असाच असतो. महागड्या फोनला मिळणारे आश्वासनही टॅबला लावू नये. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ या फोनसाठी ७ वर्षांचे आश्वासन दिले, म्हणून त्याच कंपनीच्या सर्वात स्वस्त टॅबला ७ वर्षे मिळतील असे नाही. मॉडेलचे नाव घेऊनच चौकशी करावी.

आता थांबण्याचा खर्च पाहू. एक शिंपी रोज अर्धा तास मापांच्या वहीतून जुनी मापे शोधण्यात आणि उधारीची बेरीज करण्यात घालवतो. टॅबमुळे तो वेळ वाचणार आहे. तीन महिने थांबल्यास कामाचे ७५ दिवस धरले तर साडेसदतीस तास झाले. त्याच्या तासाची किंमत ८० रुपये धरली तरी ३,००० रुपये होतात. तीन महिने थांबून टॅबवर २,००० रुपये वाचले, तर तो १,००० रुपयांनी तोट्यातच राहिला. पण ज्याच्या दुकानात वही उत्तम चालते आणि टॅब केवळ शोभेसाठी घ्यायचा आहे, त्याचा थांबण्याचा खर्च शून्य आहे. त्याने खुशाल थांबावे.

कोणी घ्यावा, कोणी थांबावे?

आमच्या मते ज्याचे काम आज अडते आहे, ज्याने निवडलेले मॉडेल नुकतेच बाजारात आले आहे आणि ज्याचे बिलाचे ॲप त्यावर आजच नीट चालते, त्याने आवृत्तीच्या तारखेकडे न पाहता टॅब घ्यावा. रमजान, दिवाळी किंवा लग्नसराई तोंडावर असेल तर निदान महिनाभर आधी घ्यावा. म्हणजे कारागिराला आणि दुकानातल्या मुलाला हात बसायला वेळ मिळतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी नवे यंत्र काउंटरवर ठेवणे म्हणजे नव्या कारागिराच्या हाती पहिल्याच दिवशी शेरवानीचे कापड देणे होय.

ज्याला हवी असलेली सोय नव्या आवृत्तीतच येणार आहे, ज्याने हेरलेले मॉडेल दोन-तीन वर्षे जुने आहे किंवा जे मॉडेल नव्या यादीत आहे की नाही हेच स्पष्ट झालेले नाही, त्याने थांबावे. ॲपल आपली यादी साधारण जून महिन्यात जाहीर करते आणि आवृत्ती सप्टेंबरमध्ये देते. तेव्हा जुना आयपॅड घेणाऱ्याने एप्रिल-मे महिन्यांत घाई न करता जूनची यादी पाहून मग सौदा करावा. यात जेमतेम काही आठवडे जातात आणि मोठी फसगत टळते.

हंगामात आवृत्ती बदलू नका

टॅब घेतल्यावरही एक पथ्य पाळावे. नवी आवृत्ती आल्याची सूचना पडद्यावर दिसली की लगेच बोट ठेवू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये आयपॅडओएस १८ आल्यावर एम४ चिप असलेले काही आयपॅड प्रो ती आवृत्ती घेताना बंदच पडले. ॲपलला त्या मॉडेलपुरती आवृत्ती मागे घ्यावी लागली आणि दुरुस्त आवृत्ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला आली. ही बाजारातील सर्वात महाग यंत्रे होती. ईदच्या आठवड्यात असा टॅब काउंटरवर बंद पडला, तर कोणाच्या नावावर किती उधारी होती हेही सांगता येणार नाही.

म्हणून मोठी आवृत्ती घेताना चार गोष्टी पाळाव्यात. हंगाम संपेपर्यंत थांबावे. बिलाच्या ॲपवाल्यांना फोन करून नव्या आवृत्तीवर ॲप आणि छोटा बिल प्रिंटर दोन्ही चालतात का, ते विचारावे. सगळ्या नोंदींची प्रत दुसरीकडे ठेवावी. आणि हे काम दुकान बंद असलेल्या दिवशी करावे. सुरक्षेच्या छोट्या दुरुस्त्या मात्र अडवू नयेत, त्या वेळच्या वेळी घ्याव्यात.

त्याचबरोबर फार मागेही राहू नये. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ४.४ या २०१३ सालच्या आवृत्तीवरील सेवा थांबवली. ज्यांची गिऱ्हाइके व्हॉट्सॲपवर ऑर्डर देतात, त्यांचे जुने यंत्र त्या दिवशी चालू असूनही निकामी झाले.

दुकानात काय विचारावे?

विक्रेत्यासमोर उभे राहिल्यावर पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे तोंडी न ठेवता कंपनीच्या कागदावर किंवा संकेतस्थळावर पाहून घ्यावीत.

हे मॉडेल बाजारात कधी आले? सुरक्षेची दुरुस्ती कोणत्या वर्षापर्यंत मिळेल? आत आज कोणती आवृत्ती आहे? यात सिमकार्ड बसते का? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. यूपीआयची ॲप नोंदणीच्या वेळी त्याच यंत्रातील सिमवरून संदेश पाठवतात. त्यामुळे फक्त वायफाय असलेल्या टॅबवर ती सहसा चालू होत नाहीत. बिल टॅबवर आणि पैसे मोबाईलवर, अशी सोय चालणार असेल तर वायफायचा स्वस्त टॅब पुरतो.

खोक्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. टॅबसाठी ही नोंदणी सक्तीची आहे आणि बीआयएस केअर या ॲपवर तो क्रमांक तपासता येतो. शक्य असल्यास आपला बिल प्रिंटर सोबत नेऊन दुकानातच एक बिल छापून पाहावे.

बिल पक्के घ्यावे. टॅबवर १८ टक्के जीएसटी आहे, तो सप्टेंबर २०२५ च्या बदलातही कमी झाला नाही. १८,००० रुपयांच्या टॅबमध्ये सुमारे २,७४६ रुपये कराचे असतात. ज्यांची नियमित नोंदणी आहे त्यांनी बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घेतला, तर धंद्यासाठी घेतलेल्या यंत्राचा हा कर त्यांना वळता करून घेता येतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना ही सवलत नाही. पाच-सहाशे रुपये वाचवण्यासाठी बिलाविना टॅब घेणारा नोंदणीकृत व्यापारी स्वतःचेच अडीच हजारांहून अधिक रुपये सोडून देतो.

बिनव्याजी हप्त्याचा प्रश्न

आमचे अनेक वाचक व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहू इच्छितात. त्यांना दुकानात 'शून्य टक्के हप्ता' सांगितला जातो आणि ते निश्चिंत होतात. येथे सावध राहावे. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते आणि अशा योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपाने ग्राहकाकडून घेतले जाते. आजही पुष्कळ योजनांत रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्त्यावाल्याला मिळत नाही, किंवा बिलात व्याज वेगळे दाखवून तेवढी सूट दिली जाते आणि व्याजावरचा जीएसटी ग्राहकाच्या माथी बसतो.

तपासण्याची रीत सोपी आहे. आज रोख दिले तर अखेरची किंमत काय आणि सर्व हप्ते, शुल्क मिळून किती, हे दोन आकडे लिहून मागावेत. फरक असेल तर तो कशाचा आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्यांना व्याज नको आहे, त्यांच्यासाठी थांबण्याचे हे एक सयुक्तिक कारण आहे. महिन्याला तीन हजार बाजूला टाकले तर सहा महिन्यांत १८,००० रुपये रोख हाती येतात. तोवर नवी आवृत्तीही आलेली असते आणि तिचे गुणदोषही कळलेले असतात.

फसगत झाल्यास

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा धंद्यासाठी केलेल्या खरेदीला सामान्यतः लागू होत नाही. पण स्वयंरोजगारातून केवळ आपली उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू त्याच कायद्याने या अपवादातून वगळली आहे. म्हणजे स्वतःच्या हाताने काम करणारा शिंपी किंवा सुतार ग्राहक म्हणून दाद मागू शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि ठाणे जिल्ह्यासाठी ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. यासाठी पक्के बिल, जाहिरातीचा कागद आणि विक्रेत्याने लिहून दिलेले आश्वासन जपून ठेवावे.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोन आणि टॅब बनवणाऱ्या कंपन्यांवर विक्री थांबल्यानंतरही निदान पाच वर्षे प्रणालीची देखभाल पुरवण्याचे बंधन घातले. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले, पण २०२५ पर्यंत युरोपासारखे बंधन आलेले नव्हते. तेव्हा आपली काळजी आपणच घेतली पाहिजे.

थोडक्यात, आवृत्त्या दरवर्षी येतच राहणार. त्यांच्या मागे धावणाऱ्याला घेण्याचा योग्य दिवस कधीच सापडणार नाही. काम ठरवावे, मॉडेलचे वय विचारावे, देखभालीची उरलेली वर्षे मोजावीत, महिन्याचा खर्च काढावा आणि मग जो आकडा येईल त्याप्रमाणे घ्यावा किंवा थांबावे. आणि टॅब आणला तरी मापांची जुनी वही लगेच रद्दीत टाकू नये. एक हंगाम तरी दोन्ही बरोबर चालू द्यावीत.